मुलगा, मुलगी की आणखी काही : हे कोणी ठरवायचे?

या सदराकडे नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून अलीकडे जी पत्रे येत आहेत, त्यांत एक विषय वारंवार डोकावतो. पुरुषाने पुरुषासारखेच दिसावे का, बाईने बाईसारखेच वागावे का, आणि या दोन्ही चौकटींत ज्याचा जीव रमत नाही त्याने स्वतःला काय म्हणवून घ्यावे? त्यांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे लांब होती, ती आटोपशीर केली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचे वडील अंबडच्या एका कारखान्यात पाळीची नोकरी करतात. वर्षभरापासून मुलाने केस वाढवले आहेत, डोळ्यांत काजळ घालतो, गेल्या महिन्यात सराफ बाजारात जाऊन नाक टोचून आला. कधी कधी माझ्या कपाटातला दुपट्टा घेऊन बाहेर पडतो. अभ्यासात तो चांगला आहे, ढोल पथकात वाजवतो, मित्रमैत्रिणीही पुष्कळ आहेत. विचारले तर म्हणतो, ‘आई, मी मुलगाच आहे, पण मला असं राहायला आवडतं.’ वडिलांनी त्याच्याशी बोलणे टाकले आहे. नणंदबाई म्हणतात, वेळीच डॉक्टरांना दाखवा, नाहीतर मुलगा हातचा जाईल. पुढच्या महिन्यात भाचीचे लग्न आहे. हा पुढे काय होणार, ते मला खरे सांगा. (एक आई, सिडको)

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य मुलाचे आहे, आणि ते लिहून तुम्ही लगेच पुढे गेला आहात. आपण मुलगाच आहोत आणि आपल्याला असे राहायला आवडते, हे तो स्वच्छ शब्दांत सांगतो आहे. घरातल्या बाकी सर्वांनी त्याच्याबद्दल अंदाज बांधले आहेत. माहिती देणारा तो एकटाच आहे.

‘हा पुढे काय होणार’ या तुमच्या एका प्रश्नात तीन निराळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. माणूस कसा राहतो, म्हणजे त्याचे कपडे, केस, दागिने, बोलण्याची लकब, हा एक. तो स्वतःला आतून कोण समजतो, पुरुष, स्त्री, दोन्ही किंवा दोन्हींपैकी काहीच नाही, हा दुसरा. यालाच लिंगभावाची ओळख म्हणतात. आणि त्याला ओढ कोणाची वाटते, हा तिसरा. यांतल्या एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर काढता येत नाही. काजळ घालणारा मुलगा स्वतःला पूर्णपणे पुरुष समजतो आणि त्याचा जीव एखाद्या मुलीवर जडलेला असतो, असे होऊ शकते; उलट पिळदार मिशा आणि भारदस्त आवाज असलेल्या माणसाला आपण स्त्री आहोत असे मनोमन वाटत असते, असेही होऊ शकते. नणंदबाईंनी काजळावरून उरलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे परस्पर काढली आहेत आणि त्या घाबरल्या आहेत. त्यांच्या भीतीपायी मुलाला दवाखान्यात नेण्याचे कारण नाही.

केस वाढवणे, नाक टोचणे हा आजार नाही, हे सांगायला वैद्यकशास्त्राची गरज पडू नये. पण त्यापुढची गोष्टही तुम्हाला ठाऊक असावी. जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग आणि आतून जाणवणारी ओळख यांत अंतर असणे, हेसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत मानसिक विकारांच्या यादीतून काढून टाकले आहे, आणि ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक कल्पनांशी एखाद्याचे वागणे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. शिवाय मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली, अशा व्यक्तींना ‘दुरुस्त’ करण्याचे तथाकथित उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तेव्हा महिनाभरात मुलाला पुरुषी करून देतो असे सांगणारा कोणी भेटला, मग तो डॉक्टर असो, बुवा असो की व्यायामशाळेचा मालक, तर आल्या पावली परत फिरा.

मदतीची गरज वेगळ्या कारणाने पडू शकते. मुलाची झोप उडाली, जेवण तुटले, तो पथकात जाईनासा झाला, जगण्यात अर्थ नाही असे काही बोलू लागला, तर समुपदेशकाकडे जावे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते. तुमच्या पत्रावरून मात्र त्याची तब्येत ठीक दिसते. ताण तुम्हा दोघांना आला आहे, आणि तुम्हीही त्या क्रमांकावर बोलू शकता.

आता थोडे अवघड बोलते. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत फेटा बांधून, गॉगल लावून बुलेटवर बसलेल्या मुली तुम्ही पाहिल्या असतील. लोक त्यांचे फोटो काढतात, त्यांच्या आया गॅलरीत उभ्या राहून कौतुकाने हात हलवतात. फेटा हा पुरुषाचा वेष, बुलेट हे पुरुषाचे वाहन. तरी ‘ही पुढे काय होणार’ असे त्या आयांना कोणी विचारत नाही. मुलीने पुरुषाचे काही उचलले की ती वर चढली असे आपण मानतो, आणि मुलाने बाईचे काही उचलले की तो खाली घसरला असे मानतो. तोच दुपट्टा तुमच्या खांद्यावर शोभतो आणि त्याच्या खांद्यावर घराण्याची अब्रू घालवतो, याचा अर्थ अब्रू दुपट्ट्यात नसून बाईपणाला आपण दिलेल्या पायरीत आहे. तुमचा मुलगा ज्या पथकात वाजवतो तिथल्या निम्म्या मुलांच्या कानांत भिकबाळी असेल. पेशवाईतल्या पुरुषांच्या कानांतला तो मोत्यांचा दागिना मधल्या काळात मागे पडला आणि आता मर्दानी म्हणून परत आला. पुरुषाला काय शोभते याचे नियम इतक्या सहज बदलत असतील, तर त्यांपायी बापलेकांनी अबोला धरावा का, हे तुम्हीच पाहा.

यजमानांना मुलाचे म्हणणे पटलेच पाहिजे असा आग्रह धरू नका. त्यांनी त्याच्याशी बोलावे, एवढाच धरा. फी भरली का, गाडीची सर्व्हिसिंग झाली का, रात्री किती वाजता येणार, एवढे बोलणे सुरू झाले तरी पुष्कळ आहे. दोघांमध्ये निरोप पोहोचवण्याचे काम तुम्ही बंद करा, कारण तुम्ही निरोप्या होऊन उभ्या आहात तोवर त्यांना थेट बोलण्याची गरजच पडणार नाही. लग्नाला काय घालून जायचे ते मुलाला ठरवू द्या आणि काय घालणार आहेस ते आधी विचारून ठेवा, म्हणजे मांडवात धक्का बसणार नाही. पाहुण्यांसाठी एक वाक्य दोघांनी मिळून पाठ करा : ‘त्याला असं राहायला आवडतं. तुमचं जेवण झालं का?’ लग्नघरात दुसऱ्या प्रश्नापुढे पहिला विषय टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि पुढचे भाकीत मी करणार नाही. तो दोन वर्षांनी केस कापेल किंवा कापणार नाही. उद्या त्याने स्वतःबद्दल आणखी काही सांगितले, तर तेही त्याच्याच तोंडून ऐकायचे आहे, आणि ते सांगायला तो तुमच्याकडे यावा एवढी जागा आज राखायची आहे.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा द्राक्ष बागायतदार आहे. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, ती सकाळी लवकर निघते. म्हणून स्वयंपाक, मुलीची वेणी, डबा हे मी करतो. माझा आवाज बारीक आहे, कीर्तनात डोळ्यांत पाणी येते. पारावर मित्र मला ‘बायल्या’ म्हणतात. पूर्वी हसून सोडून देत होतो, आता झोप लागत नाही. माणूस पूर्ण पुरुष आहे की नाही याची काही चाचणी असते का? (एक शेतकरी, दिंडोरी तालुका)

उत्तर : चाचण्या निघाल्या होत्या, आणि त्यांची गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञांनी पुरुषीपणा आणि बायकीपणा मोजण्याच्या प्रश्नावल्या तयार केल्या. त्यांचा पाया असा होता की ही एकाच पट्टीची दोन टोके आहेत. माणूस जितका हळवा, तितका कमी पुरुष. १९७४ साली सँड्रा बेम या अमेरिकी संशोधिकेने ही पट्टीच मोडली. तिने साठ विशेषणांची यादी केली. त्यांत वीस त्या समाजात पुरुषाला शोभणारी मानली जात, जसे खंबीर, स्वावलंबी, धाडसी. वीस बाईला शोभणारी, जसे मायाळू, दुसऱ्याचे दुःख ओळखणारी, मृदुभाषी. आणि उरलेली वीस कोणालाही लागू पडणारी. माणसाने प्रत्येक विशेषण स्वतःला किती लागू पडते ते सांगायचे आणि पुरुषी गुणांची बेरीज वेगळी, बायकी गुणांची वेगळी करायची. तेव्हा दिसले की दोन्हींत भरपूर गुण मिळवणारी माणसे असतात. अशांना तिने ‘अँड्रोजिनस’ म्हटले, म्हणजे ज्यांच्यात दोन्ही बाजूंचे गुण भरघोस आहेत अशी माणसे. तिची यादी सत्तरीतल्या अमेरिकेतली आहे, तिथल्या विद्यापीठातल्या तरुणांना काय शोभते-न-शोभते वाटे त्यावर ती बेतलेली होती, आणि पुढे बेमनेच या वाटणीवर शंका घेतल्या. तरी तिचा मूळ मुद्दा शाबूत आहे : माया वाढली म्हणून खंबीरपणा घटत नाही. गारपिटीत बाग आडवी झाल्यावर कर्जाचे हप्ते फेडत पुन्हा छाटणी करणारे तुम्ही, आणि मुलीची वेणी घालणारेही तुम्हीच.

मग मित्र असे का बोलतात? जोसेफ व्हँडेलो, जेनिफर बॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एक साधी गोष्ट पुढे आली. बाईपण हे वयाबरोबर आपोआप येते असे लोक समजतात, पण पुरुषपण कमवावे लागते आणि कमावलेले कधीही जाऊ शकते असे मानतात. आपल्याकडे हे सांगायला प्रयोगशाळा नको. ‘मर्द असशील तर पिऊन दाखव’, ‘बांगड्या भरल्यात का हातात’, ‘बायकोला विचारून येतोस काय’ ही पारावरची रोजची परीक्षा आहे, तिचा निकाल कधीच कायमचा लागत नाही आणि परीक्षक स्वतःही दर संध्याकाळी तिला बसलेले असतात. एकाला नापास केले की त्या दिवसापुरती बाकीच्यांची सुटका होते.

तुमच्याच बागेकडे पाहा. गोडी छाटणीनंतर घड धरले की विरळणी सुरू होते. लहान कात्रीने एकेक मणी काढायचा, उरलेल्या मण्यांना इजा होऊ द्यायची नाही, घड पिळायचा नाही, आणि हे दिवसभर मान वर करून करायचे. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्यांत बाया आणि बाप्ये शेजारी शेजारी हेच काम करतात. एवढे नाजूक काम करणाऱ्या बाप्याला बागेत कोणी बायल्या म्हणत नाही, कारण त्यावर निर्यातीचा माल अवलंबून असतो. घरातल्या नाजूक कामाला भाव मिळत नाही, म्हणून ते करणाऱ्या पुरुषाची टवाळी होते, एवढाच त्यातला भेद आहे.

मित्रांना पुढच्या वेळी हसून सोडू नका आणि भांडूही नका. ‘हा शब्द मला लागतो, पुन्हा वापरू नका’ असे एकदा शांतपणे सांगा. ज्यांना मैत्री हवी आहे ते ऐकतील. झोप मात्र अशीच बिघडलेली राहिली तर डॉक्टरांना भेटा. त्याचा पुरुषपणाशी काही संबंध लावू नका.

प्रश्न : मी सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहे. आपल्या अंकात अलीकडे या विषयावर फार छापून येते. ही सारी पाश्चात्त्यांकडून मोबाइलवाटे आलेली खुळे आहेत. आपल्या संस्कृतीत स्त्री ती स्त्री आणि पुरुष तो पुरुष, यात कधी गोंधळ नव्हता. तरुणांच्या डोक्यात आपण हा गोंधळ का भरता? (एक ज्येष्ठ वाचक, पंचवटी)

उत्तर : सर, आपण पंचवटीत राहता, म्हणून लांबचे दाखले देत नाही. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि त्यांची अखेर नाशिकमध्ये झाली. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी लुगडे नेसवले. चार वर्षांनी ‘लंकादहन’ या चित्रपटात याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि त्या काळच्या प्रेक्षकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. रंगभूमीवर बालगंधर्वांचे तर उदाहरणच नको. त्यांच्या साड्या, त्यांचे अंबाडे आणि त्यांची दागिने घालण्याची पद्धत घरंदाज स्त्रिया उचलत होत्या. बाईने कसे दिसावे याचा वस्तुपाठ महाराष्ट्राने एका पुरुषाकडून घेतला, तेव्हा मोबाइल नव्हता.

त्याहून मागे गेलो तर घारापुरीच्या लेण्यात सहाव्या शतकाच्या सुमाराचा अर्धनारीश्वर नंदीवर रेलून उभा आहे. एकच देह, एक अर्ध पुरुषाचे, एक स्त्रीचे. वारकरी संप्रदायात विठ्ठल ‘विठाई’ होतो आणि ज्ञानेश्वर ‘माउली’ होतात. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या आणि एकनाथांच्या गौळणी बाईच्या तोंडच्या आहेत. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला आलात तर धोतर-फेट्यातला बुवा गोपीच्या आवाजात कृष्णाला आळवताना ऐकू येईल आणि समोरचा शेतकरी त्यात स्वतःला विसरलेला दिसेल.

पण एवढ्यावरून आपली परंपरा उदार होती असे म्हणणेही खोटेपणाचे ठरेल, आणि तरुण वाचक हल्ली ते फार लवकर म्हणून टाकतात. आपण हे सारे देवळात, दिंडीत आणि रंगमंचावर चालवून घेतले, घरात नाही. गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या इतका जिवंत केला की लोकांना तो माणूसच तसा वाटू लागला, आणि संसारी असूनही त्यांना त्याची झळ सोसावी लागली. कोजागरी पौर्णिमेला सप्तशृंगीच्या गडावर राज्यभरातून तृतीयपंथी येतात, त्यांच्या पाया पडणारी माणसे कमी नसतात; त्याच तृतीयपंथीयाला नाशिकमध्ये भाड्याने खोली शोधायची असेल तर काय उत्तरे मिळतात, ते आपण विचारून पाहावे.

पाश्चात्त्यांकडून काय आले हे पाहायचे तर तेही नोंदलेले आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ वे कलम ब्रिटिशांनी १८६० च्या दंडसंहितेत घातले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात त्यांनी हिजड्यांची सरकारी नोंदवही ठेवण्याची आणि नोंदलेल्या व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी बायकी वेष किंवा दागिने घातल्यास अटक करण्याची तरतूद केली. आपण ज्याला आपली संस्कृती म्हणून जपतो आहोत, त्यातला शिक्षेचा भाग बराचसा तिकडचा आहे. प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल केले.

गोंधळ डोक्यात भरता येत नाही, सर. तो ज्यांच्या डोक्यात आधीपासून होता, त्यांना आता लिहायला जागा मिळते आहे.

प्रश्न : मी नाशिकरोडच्या एका शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. वर्गातली एक मुलगी ‘मी आलो’, ‘मी करतो’ असे बोलते. मुले हसतात. सहकारी म्हणतात, व्याकरण सुधारा आणि पालकांना बोलवा. मी काय करू? (एक शिक्षिका)

उत्तर : कोल्हापूर-सांगलीकडे असंख्य मुली आणि बाया ‘मी आलो’ असेच म्हणतात, आणि त्यांच्या ओळखीबद्दल कोणाला शंका येत नाही. तेव्हा या बोलण्यामागे काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, इथून सुरुवात करा. ती भावांत वाढलेल्या मुलीची लकब असेल, मैदानावरची ऐट असेल किंवा स्वतःबद्दलचे काही सांगणे असेल.

मुलांचे हसणे आधी थांबवा. ते तुमच्या हातात आहे आणि त्यासाठी कारणाचा शोध लागण्याची वाट पाहावी लागत नाही. उत्तरपत्रिकेत निबंधाचे गुण कापू नका. एखाद्या दिवशी वह्या तपासताना, शेजारी कोणी नसताना, ‘तुला मी कसं बोलावलेलं आवडेल?’ एवढेच विचारा आणि उत्तर आले नाही तर पुन्हा विचारू नका. पालकांना बोलावण्याची घाई मुळीच करू नका. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने जे घरी सांगितलेले नाही ते शाळेने घरी पोहोचवले, तर रात्री त्या घरात काय घडेल याची जबाबदारी शाळा घेऊ शकत नाही. मारहाण किंवा छळ होतो आहे असे कळले, तर मात्र गप्प बसायचे नाही. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे.

प्रश्न : माझे वय २४. जन्माच्या दाखल्यावर ‘स्त्री’ लिहिलेले आहे. मला ते आपले वाटत नाही, पण पुरुष व्हावे असेही वाटत नाही. शस्त्रक्रिया नको आहे. सातपूरच्या एका कंपनीत नोकरी आहे. तिथल्या अर्जात दोनच चौकोन आहेत. घरी दिवाळीनंतर स्थळे पाहायचे ठरले आहे. थोडेफार फक्त मामीला ठाऊक आहे. मला स्वतःला काय म्हणावे हे अजून नीट सुचत नाही. न ठरवता राहता येते का? (नाव नको)

उत्तर : राहता येते. यासाठी वयाची अट नाही आणि मुदतही नाही. काही जणांना शब्द सापडला की हायसे वाटते; स्त्री आणि पुरुष या दोन चौकटींत न बसणाऱ्यांसाठी ‘नॉन-बायनरी’, ‘जेंडरक्विअर’ असे शब्द हल्ली तुमच्या वयाची मंडळी वापरतात. काहींना कोणताच शब्द चिकटवून घ्यायचा नसतो. शब्द घेतला आणि दोन वर्षांनी सोडला, तर आधीचे खोटे होते असे होत नाही. एक भेद मात्र ध्यानात ठेवा. तुमचे केस, कपडे, चालणे पाहून लोक तुम्हाला मुलगा-मुलगी दोन्हींसारखे म्हणतील, ते तुमच्या दिसण्याचे वर्णन झाले. त्यावरून तुमची ओळख ठरत नाही. साडी नेसल्या दिवशीही तुमची ओळख तीच राहील जी तुम्ही सांगाल. तसेच ‘तृतीयपंथी’ या शब्दाभोवती महाराष्ट्रात गुरू-चेल्यांची, घराण्यांची एक जुनी समाजरचना आहे. तिच्यात सामील व्हावे असे वाटत नसेल तर तो शब्द घ्यायलाच हवा असे नाही.

कायद्याकडे वळू. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर १५ एप्रिल २०१४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी, आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा आहे, असे म्हटले. २०१९ साली संसदेने केलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याच्या व्याख्येत ‘जेंडरक्विअर’ व्यक्तींचाही समावेश केला गेला आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून ओळखीचे प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली. त्यासाठीचे राष्ट्रीय पोर्टल नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाले. मतदार यादीत २००९ पासून आणि पॅन कार्डावर २०१८ पासून तिसरा पर्याय आहे. असे कायदे आणि नियम बदलत असतात, म्हणून प्रत्यक्ष अर्ज करण्याआधी त्या दिवशी लागू असलेल्या तरतुदी नाशिकच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारून घ्या. प्रमाणपत्र घेणे सक्तीचे नाही. ज्याला कागदावर बदल हवा आहे त्याच्यासाठी ते आहे. तुम्हाला तूर्त काही ठरवायचे नसेल तर ते लांबणीवर टाकल्याने काही बिघडत नाही.

कंपनीच्या अर्जातले दोन चौकोन हा त्या मानाने लहान प्रश्न आहे. पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा यांची नोंद आधारशी जुळावी लागते, त्यामुळे आज तुमच्या आधारवर जे आहे तेच तिथे लिहिणे व्यवहाराचे ठरेल. त्यातून तुम्ही स्वतःशी काही खोटेपणा करत नाही. गणवेश, प्रसाधनगृह, हजेरीच्या पाटीवरचे नाव या गोष्टी मनुष्यबळ विभागाशी बोलून सुटण्याजोग्या असतात. २०१९ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेत अशा तक्रारींसाठी एक अधिकारी नेमणे बंधनकारक केले, हे ठाऊक असू द्या. पण पहिल्याच भेटीत कायदा काढू नका. आधी साधी विनंती करा आणि लेखी करा.

खरी घाई लग्नाची आहे. स्थळे पाहण्याचा कार्यक्रम एकदा सुरू झाला की तो थांबवणे दर आठवड्याला अवघड होत जाते, आणि आई-बाबांना वाईट वाटू नये म्हणून दिलेला होकार समोरच्या अनोळखी माणसाचेही आयुष्य अडकवतो. पगाराचे खाते, मूळ प्रमाणपत्रे आणि आधार कार्ड आपल्या ताब्यात आहेत ना, ते आधी पाहा. मग मामींना सोबत घ्या, कारण त्यांना थोडे माहीत आहे आणि घरात त्यांचे ऐकले जाते की नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळते. आई-बाबांशी बोलताना सुरुवात ‘मला लग्न करायचे नाही’ एवढ्यावरून करा. ते वाक्य त्यांना कळेल. पटणार नाही, पण कळेल. त्यावर रडारड होईल, कोणी दोन दिवस जेवणार नाही, एखादा काका मध्यस्थीला येईल. तेवढे निभावून नेल्यावर, आणि त्यांनी खरोखर ऐकायच्या मनःस्थितीत ‘का’ असे विचारल्यावर, बाकीचे सांगायला घ्या.